सावली दाखवणारा दिवा

स्कॉटलंडच्या उत्तरेला स्ट्रॅथपेफर नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या जवळच्या जंगलात जानेवारीत माउंटन बायकिंगची एक शर्यत भरते, 'स्ट्रॅथपफर' या नावाची. चोवीस तास डोंगरातली तीच फेरी मारत राहायची, एकट्याने किंवा जोडीदारांबरोबर पाळीपाळीने. त्या अक्षांशावर हिवाळ्यातला दिवस इतका आखूड, की चोवीसपैकी जवळपास सतरा तास काळोखातच जातात. झाडांच्या मुळांवरून, निसरड्या दगडांवरून सायकल हाकायची, तीही स्वतःबरोबर नेलेल्या उजेडात. हे वेड काही नवं नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाइट या संयोजकाने 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ कनेन' ही शर्यत भरवली आणि रात्रभर डोंगरात सायकल चालवणं हा रीतसर खेळ होऊन बसला. त्या काळी दिवे हॅलोजनचे. पाण्याच्या बाटलीच्या जागी बसणारी जड बॅटरी, तिच्यातून निघालेली वायर आणि हँडलबारवर दहा ते वीस वॉटचा बल्ब. हॅलोजन एका वॉटमागे जेमतेम वीसेक लुमेन देतो. म्हणजे एवढा सगळा जामानिमा करून पदरात पडायचे दोनशे ते चारशे लुमेन. आज तेवढा उजेड शहरात वापरायच्या मुठीएवढ्या दिव्यातून मिळतो आणि डोंगरासाठी म्हणून दिवा बघायला गेलं की बोलणी दोन हजार लुमेनच्या पुढेच सुरू होतात. ऑनलाइन बाजारात तर आठ-दहा हजारांचे आकडे खुशाल छापलेले असतात. मग प्रश्न पडतो, की चारशे लुमेनवर रात्र काढणारे ते गडी वाट कशाच्या जोरावर ओळखत होते?

उत्तराचा एक भाग अर्थातच असा की ते आजच्यापेक्षा सावकाश जात होते आणि पडतही होते. पण तेवढ्याने भागत नाही. डोंगरातल्या पायवाटेवर सायकलस्वाराला उजेड हवा असतो तो जमिनीचा उंचसखलपणा वाचता यावा म्हणून, आणि उंचसखलपणा डोळ्याला कळतो तो मुख्यतः सावलीवरून. तेव्हा दिवा निवडताना पहिला विचार झोताच्या आकाराचा आणि दिवा कुठे बसवणार याचा, दुसरा बॅटरीचा आणि लुमेनचा अगदी शेवटी, असा माझा आग्रह आहे. बाजाराने हा क्रम नेमका उलटा लावून ठेवला आहे.

लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो याबद्दल हा आकडा चकार शब्द काढत नाही. एखाद्या दिशेने प्रकाश किती एकवटला आहे ते कॅन्डेलामध्ये मोजतात आणि समोरच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती पडला ते लक्समध्ये. हजार लुमेनचा एक दिवा घेऊ. त्याचा सगळा प्रकाश वीस अंशांच्या शंकूत सारखा भरला, तर तीव्रता येते सुमारे साडेदहा हजार कॅन्डेला, आणि वीस मीटरवर उभ्या दगडावर पडतात २६ लक्स. तोच प्रकाश साठ अंशांत पसरला, तर तीव्रता उतरते बाराशे कॅन्डेलापर्यंत आणि त्याच दगडाच्या वाट्याला येतात फक्त ३ लक्स. खोक्यावर आकडा दोन्हीकडे एकच, हजार. दगडावरच्या उजेडात मात्र जवळपास नऊपट फरक. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून त्याच झोताने दुप्पट लांबचं दाखवायचं तर चौपट लुमेन लागतात. त्यात आपल्या डोळ्याचा स्वभावही विचित्र. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर केलेल्या मोजमापांतून असं दिसलं की काळोखात उजेडाची जाणीव साधारणपणे त्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एखादी गोष्ट दुप्पट उजळ वाटायला सुमारे आठपट प्रकाश लागतो. हजार लुमेनच्या दिव्याऐवजी पंधराशेचा घेतला, तर पैसे मोजताना फरक जाणवेल, पायवाटेवर शोधावा लागेल.

आता किती लांबचं दिसायला हवं, तेही पाहू. मोकळ्या, मुरमाड वाटेवर ताशी वीस किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सेकंदाला साडेपाच मीटर कापतो. रात्री समोरचा अडथळा ओळखून ब्रेककडे बोट जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात आठ मीटर गेले. भुसभुशीत जमिनीवर ब्रेक बेताचेच लागतात, त्यात आणखी पाचेक मीटर. एकूण चौदा मीटर. ताशी तीसला हा हिशेब चोवीस मीटरवर जातो, आणि चाळीसला सदतीसच्या आसपास. नागमोडी पायवाटेवर चाळीसचा वेग फार थोड्यांना आणि फार थोडा वेळ झेपतो. म्हणजे बहुतेकांची सगळी गरज दहा ते तीस मीटरच्या पट्ट्यात आली. समोरच्या डोंगरावरचं देऊळ उजळवणारा दिवा दिवाळीत मिरवायला ठीक आहे. पायवाटेला त्या पट्ट्यात नीट पसरलेला उजेड लागतो आणि वळणावर बाजूचं दिसायला थोडी रुंदी. उलट अगदी पुढच्या चाकाशी पडणारा भगभगीत उजेड नुकसानच करतो. डोळा समोरच्या सगळ्यात उजळ भागाशी जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि तीन मीटरवरची जमीन पांढरीफटक दिसायला लागली की वीस मीटरवरची आहे त्याहून काळी भासते. दिवा 'जोरदार' आहे असं वाटत असताना पुढचं कमी दिसतंय, अशी गंमत त्यातून होते. चांगल्या झोतात खालचा भाग मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तो तसा आहे की नाही हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सावली, आणि ती दिव्याच्या जागेवर ठरते. दहा मीटरवर दहा सेंटिमीटर उंचीचा दगड पडला आहे. हँडलबारवरचा दिवा जमिनीपासून साधारण एक मीटर वर आणि आपला डोळा एक मीटर साठ सेंटिमीटरवर. दिव्यामुळे दगडामागे पडणारी सावली येते एक मीटर दहा सेंटिमीटरची. डोळा दिव्यापेक्षा उंच असल्यामुळे दगडाआड लपते ती फक्त सदुसष्ट सेंटिमीटर जमीन. बाकी हातभर काळा पट्टा दगडामागे डोकावताना स्पष्ट दिसतो, आणि हा पट्टा पाहूनच मेंदू ताडतो की इथे काहीतरी वर आलं आहे, साधारण एवढं. आता तोच दिवा हेल्मेटवर, डोळ्याच्या पंधराएक सेंटिमीटर वर चढवू. सावली आखूड होऊन साठ सेंटिमीटरवर येते आणि दगडाआडच्या सदुसष्टांत सगळीच्या सगळी गडप होते. दगड अजूनही प्रकाशात आहे, कदाचित पहिल्यापेक्षा जास्त. पण सावली गेली तसा त्याचा उठावही गेला. तो आता जमिनीवरचा एक करडा डाग आहे, आणि तसे डाग पायवाटेवर शेकड्याने असतात. घराला पुट्टी लावून झाली की रंगारी बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरतो, तो याच कारणासाठी. समोरून पाहिलं तर सपाट वाटणाऱ्या भिंतीतले सगळे फुगवटे त्या तिरक्या उजेडात उघडे पडतात.

हे नुसतं कागदावरचं गणित आहे असं कुणी म्हणेल, तर त्याचा सगळ्यात महागडा पुरावा चंद्रावर आहे. अपोलो मोहिमांत चंद्रावर उतरण्याची वेळ अशी निवडली जात असे की उतरण्याच्या जागी सूर्य क्षितिजापासून फक्त ५ ते १४ अंश वर असेल. यानातल्या माणसाला खडक आणि विवरं ओळखता यावीत यासाठी लांब सावल्या हव्या होत्या. भर दुपारच्या उजेडात उतरायची कुणाची तयारी नव्हती. पुढे १९७१ आणि १९७२ मध्ये अपोलो १५, १६ आणि १७ च्या अंतराळवीरांनी तिथे चारचाकी रोव्हर चालवला, तेव्हा सूर्य बरोबर पाठीशी घेऊन जाताना त्यांना अडचण जाणवली. सावल्या वस्तूंच्या मागे दडत, समोरची जमीन एकसारखी पांढुरकी दिसे आणि खड्डा अगदी जवळ येईपर्यंत लक्षात येत नसे. ऊन लख्ख होतं, हवेचा अडसर नव्हता, आणि तरी दिसत नव्हतं. हेल्मेटवरचा एकुलता एक दिवा लावून उतार उतरणाऱ्याची नेमकी हीच अवस्था असते, आणि त्यावर तो उपाय काय करतो, तर आणखी लुमेनचा दिवा घेतो.

यावर अनुभवी मंडळी लगेच हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. हँडलबारवरचा दिवा चाक वळेल तिकडे पाहतो. सायकलस्वाराला मात्र चाक वळण्याआधी वळणापलीकडचं पाहायचं असतं. घाटातल्या आडव्या-उभ्या वळणांवर हँडलबारचा झोत दरीत किंवा झाडीत जाऊन पडतो आणि वाट अंधारात राहते. मान वळवली की उजेड वळतो ही हेल्मेटची खरी ताकद, आणि तिला दुसरा पर्याय नाही. खड्ड्याच्या बाबतीतही हेल्मेट हुशार आहे. दहा मीटरवरच्या दहा सेंटिमीटर खोल खड्ड्याचा तळ डोळ्याला काठापासून बासष्ट सेंटिमीटरनंतर दिसायला लागतो, पण हँडलबारचा उजेड तिथे पोचतो एक मीटरनंतर. मधली जवळपास चाळीस सेंटिमीटर जागा कुट्ट काळी. खड्डा आहे हे कळतं, पण तो किती खोल आहे किंवा ते नुसतं डबकं आहे का, हे कळत नाही. हेल्मेटचा दिवा त्या काळोखात डोकावतो. म्हणून मी हेल्मेटचा दिवा नको असं म्हणत नाही. दोन्ही हवेत, पण दोघांचं नातं ठरलेलं हवं. हँडलबारवर मोठा, रुंद पसरणारा दिवा आणि हेल्मेटवर त्याच्या निम्म्या ताकदीचा, अरुंद झोताचा. हेल्मेटचा दिवा जोरदार झाला की तो हँडलबारने टाकलेल्या सावल्या पुसून टाकतो, आणि दोन दिव्यांचे पैसे मोजून आपण पुन्हा सपाट चित्रापाशी येतो. हँडलबारवर हजार-बाराशे खरे लुमेन आणि हेल्मेटवर चार-सहाशे, एवढ्यात बहुतेकांच्या डोंगरातल्या रात्री सुखाने जातील. साठीच्या आसपासच्या सायकलस्वारांनी थोडं वाढवून घ्यावं. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं, आणि विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो. लुमेन वाढवण्याचं हे एक कारण मला मान्य आहे.

दोन दिव्यांचा आणखी एक फायदा सांगायला नको इतका उघड आहे. उतारावर मध्येच दिवा गेला, तर नुसता काळोख होत नाही. उजेडाला सरावलेले डोळे आंधळे होतात. काळोखाला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि सायकल थांबायला तेवढा वेळ नसतो.

सह्याद्रीत मात्र या जोडीला एक अपवाद करावा लागतो, तो धुक्याचा. पावसाळ्यात माथ्यावर ढग उतरले की हेल्मेटचा दिवा डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो, कारण थेंबांवरून उलटा फिरणारा उजेड सरळ डोळ्यात येतो. दिवा डोळ्यापासून जितका लांब, तितका हा त्रास कमी. धुकं दाट झालं की हेल्मेटचा दिवा बंद, हँडलबारचा मंद, असा साधा नियम. उन्हाळ्यात पुढच्या सायकलस्वाराच्या चाकामागे उडणाऱ्या लाल धुळीतही तेच. धुक्यात पिवळा दिवा बरा, अशी एक समजूत मोटारींच्या जमान्यापासून चालत आली आहे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की निळा काय नि पिवळा काय, ते जवळपास सारखेच विखुरतात. रंगाचा विचार करायचा तो वेगळ्या कारणासाठी. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा फॉस्फरचा थर काही निळा प्रकाश पिवळ्या-तांबड्यात बदलतो आणि मिळून पांढरं दिसतं. (या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.) थर पातळ ठेवला की लुमेन जास्त मिळतात, पण उजेड निळसर, थंड होतो आणि त्यात तांबडा रंग कमी पडतो. जांभ्याच्या वाटेवर, वाळल्या पानांत, तपकिरी मुळांमध्ये डोळ्याला जो रंगफरक हवा असतो तो नेमका याच भागातला. म्हणजे आकडा फुगवण्यासाठी कारखान्याने दिलेला उजेड वाट ओळखायला कमी कामाचा. दोन दिवे बाकी सारखे असतील, तर पाच हजार केल्विनच्या खालचा, म्हणजे कमी निळसर उजेडाचा घ्यावा.

बॅटरीच्या बाबतीत ग्राहकाला एक चांगलं शस्त्र हाताशी आहे, ते म्हणजे वजनकाटा. या दिव्यांत बहुधा १८६५० नावाने ओळखले जाणारे लिथियम-आयन सेल असतात, म्हणजे अठरा मिलिमीटर व्यासाचे आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचे. चांगल्या कंपनीच्या अशा सेलमध्ये साडेतीन हजार मिलिअँपियर-तास मावतात. साधारण ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॉट-तास. एका सेलचं वजन पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. सगळे ऱ्हास वजा जाता चांगला दिवा एका वॉटमागे शंभरेक लुमेन देतो असं धरलं, तर दोन हजार लुमेनला वीस वॉट लागतात, आणि ते दोन तास चालवायला चाळीस वॉट-तास, म्हणजे चार सेल, म्हणजे दोनशे ग्रॅम नुसती बॅटरी. आता 'आठ हजार लुमेन, तीन तास, दोन सेल' अशी जाहिरात याच हिशेबाला लावून पाहा. ऐंशी वॉट, तीन तास, दोनशे चाळीस वॉट-तास. आणि आत आहेत पंचवीस. ती बॅटरी वीस मिनिटंही पुरणार नाही, आणि पुरली असती तरी मुठीएवढ्या डब्याने ऐंशी वॉटची उष्णता कुठे टाकली असती? एकेका सेलवर नऊ हजार नऊशे मिलिअँपियर-तास छापलेलं दिसलं, की पुढे वाचायची गरज नाही. त्या मापाचा तसा सेल कुणी बनवलेला नाही. असा दिवा निव्वळ फसवणूक म्हणून सोडून देता आला असता, पण अनोळखी सेल आणि फालतू चार्जर घरात रात्रभर जोडून ठेवणं हा वेगळाच धोका आहे.

प्रामाणिक आकडेही नीट वाचावे लागतात. टॉर्चच्या मापनासाठी अमेरिकेत २००९ मध्ये 'एफएल १' हे मानक आलं, आणि सायकलचे दिवे बनवणारेही काही जण ते वापरतात. त्यानुसार लुमेन मोजायचे ते दिवा लावल्यापासून तीस सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान. दिवा किती वेळ चालतो, हे मोजायचं तर उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. झोत किती लांब पोचतो, हे मोजायचं तर जिथे पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो, तिथपर्यंत. यात खोटं काही नाही, पण हजार लुमेन आणि तीन तास हे दोन आकडे शेजारी छापले की वाचणाऱ्याला वाटतं तीन तास हजार लुमेन मिळणार. प्रत्यक्षात तिसऱ्या तासाच्या शेवटी शंभर उरले असतील. त्यात उष्णतेची भर. एलईडी तापला की आतलं सर्किट स्वतःच उजेड कमी करतं. हे होतं चढावर, कारण वेग कमी असल्याने वारा लागत नाही. तिथे उजेड कमी झाला तरी बिघडत नाही, पण माथ्यावर पोचून लगेच उतार सुरू झाला की दिवा अजून तापलेला आणि अर्धाच असतो. म्हणून जाहिरातीतल्या सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा मधल्या पायरीवर दिवा किती देतो आणि किती वेळ एकसारखा देतो, हे पाहावं. उजेड-वेळेचा आलेख देणारे उत्पादक थोडे आहेत; जे देतात त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे. थंडीत सेलची क्षमता घटते. स्कॉटलंडच्या जानेवारीत ही गोष्ट निर्णायक ठरते, पुण्या-नाशिककडच्या थंडीत तिची दखल न घेतली तरी चालेल. आपल्याकडे खरी परीक्षा पावसाची. खोक्यावरचं आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे सोसणारा. आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तगणारा. आषाढात निघायचं असेल तर दुसराच घ्यावा, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट बसतं का ते हाताने दाबून पाहावं.

युरोपातून आलेले काही दिवे फार सभ्य झोताचे असतात. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलच्या दिव्याने दहा मीटरवर किमान दहा लक्स द्यावेत आणि ठरावीक रेषेच्या वर जवळपास काहीच सांडू नये, अशी अट आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. डांबरी रस्त्यासाठी हा नियम इतका शहाणपणाचा आहे की तो आपल्याकडेही यावा असं वाटतं. मग डोंगरातही हेच दिवे का नकोत, असं कुणी विचारेल. कारण पायवाटेवर समोरून मोटार येत नाही, पण डोक्याच्या उंचीवर फांदी येते, आणि रेषेच्या वर उजेडच नसेल तर ती कपाळाला लागल्यावर कळते. शिवाय उखडलेल्या वाटेवर पुढचं चाक वरखाली होतं तशी ती उजेडाची कडा डोळ्यांसमोर हेलकावत राहते. डोंगरातला दिवा वरही थोडा सांडणाराच हवा. त्याची किंमत म्हणून परतीच्या रस्त्याला लागताना तो खाली झुकवून मंद करण्याचं कर्तव्य मात्र आपल्याकडे येतं.

सांडणाऱ्या उजेडाबद्दल दुसरी हरकत त्याहून गंभीर आहे. रात्रीचं जंगल आपल्यासाठी नसतं. मे अखेरीस आणि जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे चमकतात, ते नर-मादीचे एकमेकांना दिलेले इशारे असतात, आणि झगमगाटात ते इशारे हरवतात. त्या दिवसांत त्या झाडांखालून दोन हजार लुमेन मिरवत जाण्याचं समर्थन कुठल्याही खेळाच्या नावाने होऊ शकत नाही. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, दिवसा नाही आणि रात्री तर नाहीच. पण गावाजवळच्या माळावर, गुराखी नि शेतकरी रोज तुडवतात त्या वाटांवर जाणाऱ्यालाही हा मुद्दा लागू आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. झोत नीट आणि दिवा योग्य जागी असेल तर कमी उजेडात भागतं.

राहता राहिला प्रश्न पैशांचा. जर्मनीची लुपिन, इंग्लंडच्या होप आणि एक्स्पोजर या कंपन्यांचे दिवे डोंगरातल्या सायकलस्वारांत नावाजलेले आहेत, आणि त्यांच्या किमतीत आपल्याकडे चांगली सायकल येते. एकाच दिव्याला पैसे असतील तर रुंद, ओळखीच्या वाटांवर जाणाऱ्याने तो हँडलबारवर लावावा. अरुंद, वळणावळणाच्या वाटेवर जाणाऱ्याला हेल्मेटवरच लावावा लागेल, मग वेग आपणहून कमी ठेवावा, कारण खाचखळगे त्याला उशिरा दिसणार आहेत. हेल्मेटचा दिवा दीडशे ग्रॅमच्या आतला असावा आणि फांदीला अडकला तर सुटून पडेल अशा पट्ट्याने बांधलेला. घट्ट स्क्रूने जखडलेला दिवा फांदी सोडत नाही, मान मुरगळतो. घेण्याआधी दुकानदाराला म्हणावं, अंधार पडल्यावर येतो. एखाद्या मोकळ्या जागेत बारा-पंधरा पावलांवर वीतभर रुंदीचा दगड ठेवायचा, दिवा आधी कमरेशी धरायचा, मग कपाळाशी, आणि दोन्ही वेळा दगडामागची जमीन पाहायची. दुसरा दिवा हातात घेऊन पुन्हा तेच. जो दिवा कमरेशी धरल्यावर दगडाच्या मागे स्वच्छ कडेची सावली टाकतो, पायाशी भगभगत नाही आणि दोन्ही बाजूंना चार-पाच पावलं जागा दाखवतो, तो निवडायचा. वाचलेल्या पैशांत पुढच्या महिन्यात हेल्मेटचा छोटा दिवा येईल, किंवा निदान एक चांगल्या कंपनीचा जादा सेल.